मांडवाची चतुःसीमा

माघातल्या हळदीची दुपार : आमच्या गल्लीवरून ड्रोन फिरला. जबाबदार, मोजणीचा ठेका घेतलेली कंपनी आणि गल्लीत पाऊल न ठेवता गल्ली मोजण्याची तिला मुभा देणारे अधिकारी.

होळीनंतरचा सोमवार : माझ्या दाराला नोटीस चिकटवण्यात आली. जबाबदार, ती न वाचता पुढे सरकवणारे लिपिक आणि ती न वाचता तिच्यावर सही करणारे त्यांचे वरिष्ठ.

गणपतीच्या आधीचा आठवडा : सुनावणी. जबाबदार, प्रभागाचे अधिकारी, ज्यांनी माझे म्हणणे ऐकले, मान्य केले आणि फेटाळले.

दसरा उलटल्यावरचा बुधवार : तोडकाम. जबाबदार, वरील सर्व, एकत्रितपणे आणि प्रत्येकी.

कागदावरच्या तारखा फाइलमध्ये आहेत. इथे मी आमच्या गल्लीचे पंचांग वापरले आहे, कारण साक्षीदारांना दिवस असेच आठवतात. नाव मात्र मी कोणाचेही लिहिणार नाही. माणसाची बदली होते, तो निवृत्त होतो, विसरतो. पद जागच्या जागी राहते, आणि उत्तर पदाने द्यायचे असते.

मी स्वतः दिवाणी न्यायालयात बेलीफ होतो. समन्स बजावणे, ताबा देणे, ताबा घेणे, पंचनामा करणे यात माझी सगळी नोकरी सरली. लोकांनी मला दारात पाहून शिव्या दिल्या, पाणीही दिले. पण एक गोष्ट मला कोणी कधी म्हटली नाही, की तुम्ही जागेवर न येता मोजले. टेप लावायचा, दोन पंच उभे करायचे आणि चतुःसीमा लिहायची : पूर्वेस काय, पश्चिमेस काय, दक्षिणेस कोण, उत्तरेस कोण. ज्या मिळकतीला चतुःसीमा नाही ती कायद्याच्या नजरेत मिळकतच नव्हे, असे माझे वरिष्ठ, न्यायालयाचे नाझर, मला पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते. ते वाक्य मी आयुष्यभर वापरले. ते मला भिवंडीत, माझ्याच दारात, मांडवासाठी वापरावे लागेल असे मात्र वाटले नव्हते.

आमचे घर कामतघरच्या बाजूला, लूमच्या कारखान्यांच्या पाठीमागच्या एका गल्लीत आहे. गल्ली अरुंद आहे. समोरच्या घरी फोडणी पडली की शिंक आमच्याकडे येते. घराला पुढे ओटा आहे आणि ओट्यावरून गल्लीत उतरणारी सिमेंटची एक उतरण आहे. ही उतरण मी नंतर बांधून घेतली. माझ्या पत्नीची डावी बाजू आजारपणात गेली, तेव्हापासून ती चाकांच्या खुर्चीत असते. रोज सकाळी खुर्ची ओट्यावर येते, उतरणीवरून खाली जाते, गल्लीच्या टोकाला भाजीवाल्याशी भांडते आणि परत येते. तिचे सगळे जग या उतरणीच्या खालच्या बाजूला आहे. ओटा आणि उतरण दोन्ही माझ्या हद्दीत आहेत. हे वाक्य मी इतक्या अर्जांत लिहिले आहे, की आता ते मला माझ्या पत्त्याचा भाग वाटते.

माघात माझ्या धाकट्या मुलीचे लग्न झाले. आमच्याकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी गोष्ट. मांडव घरापुरता घालत नाहीत. आमच्या गल्लीचा रिवाज असा, की मांडव लग्नघराच्या ओट्यापासून निघतो आणि समोरच्या घराच्या दाराला जाऊन टेकतो. शेवटचा खांब समोरच्याच्या उंबऱ्याशी रोवायचा, आणि त्या घरच्या माणसाने बाहेर येऊन त्याला हळदकुंकू लावायचे. तो लावत नाही तोवर वाजंत्री वाजत नाही. माझ्या समोर राहतो तो माझा बालमित्र. त्याचा छोटा लूमचा कारखाना आहे. त्याने त्या दिवशी हळदकुंकू लावले आणि खांबाला मिठी मारून म्हणाला, "पोरगी तुझी, पन खांब माझा हाय. सोडताना मना विचारून सोडा."

दुपारी ऐन नाचाच्या भरात ड्रोन आला.

आता जे झाले ते आमच्यासारख्यांच्याच हातून होऊ शकते, आणि मी ते लपवणार नाही. हल्ली आमच्या हळदीत फोटोवाले ड्रोन उडवतात. त्यामुळे डोक्यावर घरघर ऐकू येताच सगळ्यांना वाटले की आपलेच शूटिंग सुरू झाले. करवल्या मांडवाबाहेर धावल्या. माणसे वर बघून हात हलवू लागली. बँडवाल्याने मोठा ढोल डोक्यावर धरला. माझ्या पत्नीची खुर्ची मांडवाच्या कडेला उन्हात होती. तिने उजवा हात, जो चालतो तो, उंच केला. मीसुद्धा टोपी काढून हलवली. सरकारी मोजणीचे एवढे स्वागत भिवंडीत पूर्वी कोणी केले नसेल. दुसऱ्या दिवशी फोटोवाला आला तेव्हा म्हणाला, "काका, काल आमचा ड्रोन न्हवताच. आमचं बुकिंग आजचं हाय."

तेव्हा आम्ही हसलो.

नोटिशीसोबत एक रंगीत चित्र जोडले होते. वरून काढलेली आमची गल्ली, आणि तिच्यावर एका लाल रेषेने आखलेली एकच मोठी, वेडीवाकडी आकृती. त्या आकृतीत माझे घर होते, समोरच्याचे घर होते आणि मधला रस्ता नव्हता. आकृतीला एक क्रमांक दिलेला होता. मजकूर असा होता, की सदर बांधकामाने सार्वजनिक रस्ता व्यापला असून रस्त्यावरील भाग स्वखर्चाने काढून टाकावा, अन्यथा काढण्यात येईल. तशीच नोटीस, त्याच क्रमांकाची, मित्राच्या दारावरही होती.

मी नोटीस वाचली, गल्लीत उतरलो आणि रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो. माझ्या डोक्यावर आकाश होते.

"काय बघताव?" पत्नीने ओट्यावरून विचारले.

"बांधकाम शोधतोय."

"सापडलं तर सांगा. भाड्याने देऊ."

माझी सून वडप्याच्या एका गोदामात कामाला आहे. पार्सलांची खोकी पट्ट्यावरून जातात, वर कॅमेरे असतात, कॅमेऱ्यातल्या चित्रातून संगणकाचा कोड प्रत्येक खोके वेगळे काढतो आणि त्याची लांबी-रुंदी मोजतो. त्या यंत्रांवर देखरेख करणे ही तिची ड्युटी. ती शिफ्टवरून आली, बूट न काढता ओट्यावर टेकली आणि नोटिशीतले चित्र पाहून जे म्हणाली त्याने या प्रकरणाला तोंड फुटले.

"बाबा, ही तर चिकटलेली खोकी आहेत."

"म्हणजे?"

"पट्ट्यावर दोन खोकी एकमेकांना लागली ना, की कोडला ती एकच वाटतात. मग एवढं मोठं खोकं कुठून आलं म्हणून सगळी लाइन थांबते. आम्ही जाऊन हाताने मध्ये फट करतो. इथे तुमचं घर एक खोकं, समोरचं एक खोकं, मध्ये मांडव. सगळं लागून आहे. कोडने धरलं एक."

"आणि इथे फट कोण करणार?"

"इथे लाइन थांबत नाही ना बाबा. इथे नोटीस निघते."

मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला आणि दोन गोष्टी मागितल्या : मूळ चित्राची फाइल आणि मोजणीची रीत. फाइल मिळाली. रीत म्हणून इंग्रजीतले एक पान मिळाले. सुनेने ते मला समजावून सांगितले. रस्त्याच्या राखाडी रंगाहून वेगळे आणि जमिनीपासून उंच दिसेल ते छप्पर धरावे. एकमेकांना लागून असलेली छपरे एक वस्तू मानावी. ठरावीक आकाराहून लहान वस्तू कचरा समजून वगळाव्या. उरलेल्यांना क्रमांक देऊन क्षेत्रफळ काढावे. चार वाक्यांत आमच्या गल्लीचा निकाल होता, आणि त्यात कोणीतरी खाली उतरून पाहावे असे कुठेही म्हटलेले नव्हते.

मी सुनेला म्हणालो, "हे मला शिकव."

"तुम्हाला कशाला? मी करून देते."

"तू करून दिलेस तर ते तुझे म्हणणे होईल. मला उलटतपासणीत उभे राहायचे आहे."

पावसाळा त्यात गेला. दुपारी ती शिफ्टवरून आली की लॅपटॉप ओट्यावरच्या स्टुलावर यायचा, मी चष्मा पुसायचो आणि मागच्या कारखान्यातले लूम खडखडत असायचे. मला शिकवणे सोपे नव्हते हे मी मान्य करतो. प्रत्येक ओळीला मी हरकत घेत असे. चित्र म्हणजे काय, तर बारीक चौकटींची जाळी, आणि प्रत्येक चौकटीत तीन आकडे : तांबडा किती, हिरवा किती, निळा किती. एवढे समजायला मला फार वेळ लागला नाही. आमच्या भागात कापड पाहून मोठे झालेल्या माणसाला ताणाबाणा समजावून सांगावा लागत नाही. पण पुढे ती म्हणाली की आता आपण कोडला सांगायचे, पिवळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जे येईल ते पांढरे कर आणि बाकी सगळे काळे. मी विचारले, "पिवळ्याची हद्द कोण ठरवणार?"

"आपणच."

"म्हणजे त्यांच्या कोडातही कोणीतरी ठरवली असणार."

"हो ना."

"मग त्या माणसाचे पद काय?"

ती हसली. "बाबा, आधी कंस बंद करा. ओळ चालत नाहीये."

मी इतकी वर्षे अर्ज लिहिले, पण एवढा चोखंदळ वाचक मला कधी मिळाला नव्हता. एक कंस राहिला की सगळा अर्ज परत. फरक इतकाच की हा वाचक कुठे चुकले ते तरी सांगत होता.

हळदीचा मांडव पिवळ्या कापडाचा होता, झालर गुलाबी. आमच्या पत्र्यांचा रंग करडा. तेव्हा पिवळे वेगळे काढले की मांडव वेगळा निघायला हवा. पहिल्या प्रयत्नात मांडव निघाला, त्याच्यासोबत हळदीला आलेल्या सगळ्या बायका निघाल्या, शेजारच्या गच्चीवरची वाळत टाकलेली साडी निघाली, आणि गल्लीच्या कोपऱ्यावर उभा असलेला एक जेसीबीही निघाला. कोडच्या मते तोही मांडवच होता. पत्नी म्हणाली, "बरा हाय. पुढच्या लग्नाला त्यालाच बोलवा." मी पिवळ्याची हद्द थोडी आत सरकवली. जेसीबी गेला. थोडी आणखी सरकवली तर मांडवाचा एक कोपरा गेला. असे किती दिवस चालले ते सांगत नाही. शेवटी काळ्या पडद्यावर एक पांढरी आकृती नेमकी उभी राहिली. तिच्या एका बाजूला माझा ओटा, दुसऱ्या बाजूला मित्राचा उंबरा. मी वहीत लिहिले : पूर्वेस अर्जदाराचे घर, पश्चिमेस समोरच्यांचे घर, दक्षिणेस व उत्तरेस सार्वजनिक रस्ता. मांडवाला चतुःसीमा मिळाली.

मोजायला माप हवे होते. चित्रातल्या किती चौकटी म्हणजे एक मीटर, हे कंपनीच्या पानावर लिहिले नव्हते. सून म्हणाली की चित्रात अशी एखादी वस्तू शोधू जिची लांबी आपल्याला माहीत आहे. ती शोधायला मला एक क्षणही लागला नाही. शाळेच्या पटांगणात चुन्याने आखलेले कबड्डीचे मैदान दिसत होते. मैदान तेरा मीटर लांब असते, आणि आमच्याकडे ते चुकीचे आखणाऱ्याला सामना संपेपर्यंत ऐकून घ्यावे लागते. तेवढ्यावर मला विश्वास होता. तरीही मी टेप घेऊन गेलो आणि मोजले. नंतर मांडवाच्या चौकटी मूळ आकृतीतून वजा केल्या. कोडने दोन वेगळी घरे दाखवली, दोन वेगळे क्रमांक दिले, मध्ये रस्ता सोडला. माझ्या घराचे जे क्षेत्रफळ आले ते माझ्या खरेदीखताशी जुळले. ओटा आणि उतरण हद्दीत.

मी मोठ्याने वाचून दाखवले. सुनेने टाळ्या वाजवल्या. पत्नीने पडद्याकडे वाकून पाहिले. मग म्हणाली, "ते दोन घरं दाखवतंय ते बरोबर हाय. पन त्या दिशी एकच घर होतं. त्यांचा कोड काय खोटा बोलला न्हाय."

"ते न्यायालयात चालणार नाही," मी म्हणालो.

"मी कुठं न्यायालयात हाय? मी वट्यावर हाय."

तिच्या बोलण्याने मला एक गोष्ट सुचली : कोड खोटे बोलला नसेल, तर त्याने गाळले काय ते पाहावे. मी कंपनीची रीत पुन्हा चालवली, पण लहान वस्तू वगळण्याची ओळ काढून टाकली. पडदा ठिपक्यांनी भरून गेला. ते ठिपके म्हणजे माणसे होती. वर बघून हात हलवणारी आमची माणसे. एकेक ठिपका मोठा करून पाहिला. हा ढोलवाला, ढोल डोक्यावर. ही करवल्यांची रांग. ही टोपी हातात घेतलेली व्यक्ती म्हणजे प्रस्तुत अर्जदार. आणि मांडवाच्या कडेला उन्हात एक ठिपका, ज्याला एक बारीक रेघ फुटलेली होती. तो माझ्या पत्नीचा उजवा हात. जे लोक सांगू शकले असते की अहो, हा मांडव आहे, ते सगळे चित्रात हजर होते, ओरडून सांगत होते, आणि एका ओळीने त्यांना कचरा ठरवून पुसले होते. मी बेलीफ असताना साक्षीदार फितूर झालेले पाहिले. साक्षीदार लहान आहेत म्हणून वगळलेले हे पहिलेच.

सुनावणीला मी आणि सून गेलो. अधिकारी वयाने लहान, बोलायला गोड. त्यांनी सगळे नीट पाहिले.

"हे तुम्ही केलंत, ताई?"

"मी नाही. बाबांनी."

"यांनी? कोड?"

"टायपिंग हळू आहे," सून म्हणाली, "पण हट्ट वेगात आहे."

अधिकारी हसले. चित्र मोठे करून पाहिले, ढोलवाला पाहिला. "काका, बरोबर आहे तुमचं. मांडवच आहे हा. उघड दिसतंय."

"मग तसा आदेश लिहा."

त्यांनी आपला पडदा माझ्याकडे वळवला. "कुठे लिहू सांगा. इथे दोनच पर्याय येतात. एक, नियमित केले. दोन, निष्कासित केले. 'मांडव होता' असा पर्यायच नाही."

"हाताने लिहा."

"हाताने लिहिलेलं वर जात नाही, काका. नियमित करून घ्या ना. समोरच्यांनी कालच करून घेतलं. एक सही आहे."

मला हे माहीत नव्हते. माझ्या मित्राने सही केली होती. त्या सहीचा अर्थ असा, की रस्त्यावर आमचे बांधकाम होते आणि आम्ही ते कबूल करून माफ करून घेतले. मी अधिकाऱ्यांना म्हणालो, की जे बांधकाम कधी अस्तित्वातच नव्हते ते नियमित करून घेणे म्हणजे खोटी कबुली देणे, आणि खोटी कबुली मी इतरांच्या बाबतीतही कधी लिहून घेतलेली नाही. ते म्हणाले, "मग माझा नाइलाज आहे." आदेशात त्यांनी लिहिले की अर्जदाराचे म्हणणे ऐकले, त्यात तथ्य दिसते, तथापि अर्ज फेटाळण्यात येत आहे. त्या 'तथापि'ला मी आजही विचारतो की तू कोणाचा.

संध्याकाळी मित्र दारात आला. ओट्यावर चढला नाही.

"मना लूमचं लायसन सांभाळायचं हाय," तो म्हणाला. "तुझं काय, तू पेन्शनवाला. तुला लढाई म्हंजी विरंगुळा."

"खांब तुझा होता," मी म्हणालो.

"होता."

त्याच्या मुलाचे लग्न दिवाळीनंतर होते. त्याने हायवेच्या बाजूचा हॉल ठरवला. गल्लीत मांडव नको, उगाच पुन्हा वरून कोणी मोजेल. ही बातमी त्याने सांगितली नाही. त्याच्या बायकोने माझ्या पत्नीला सांगितली, तीही रडत. पत्नी मला म्हणाली, "वटा तोडला त मी दुसरीकडं बसंन. पन मांडव माझ्या पोरीचा होता. त्याला बेकायदा बोललेलं मी ऐकून घेनार न्हाय. तुमी सही केली त घरात येऊ नका."

सही करण्याचा माझा विचार नव्हताच. पण असा वकील मिळाल्यावर बरे वाटते.

दसरा उलटल्यावरच्या बुधवारी पथक आले : एक मुकादम, एक जेसीबी, दोन पोलीस. मुकादम मोबाइलवर ती लाल रेषेची आकृती घेऊन गल्लीच्या मधोमध उभा राहिला. मोबाइल आडवा केला, उभा केला, स्वतः फिरला.

"इथे काहीतरी होतं," तो म्हणाला.

"लगीन होतं," माझी पत्नी ओट्यावरून म्हणाली.

जेसीबीचा ड्रायव्हर उत्तरेकडचा. तो वरून वाकून मला म्हणाला, "चाचा, तोड़ना क्या है, बस इतना बता दो।"

मी टेप काढला. मुकादमाला म्हणालो, जागेवर मोजा, पंच बोलवा, पंचनामा करा, मग हात लावा. आम्ही मोजले. त्याने टेपचे एक टोक स्वतः धरले. ओटा हद्दीत, उतरण हद्दीत. "आता हे लिहा," मी म्हणालो. त्याने टेप माझ्या हातात परत दिला.

"काका, लिहायला मला सांगितलेलं नाही. तोडून फोटो टाकायला सांगितलंय. रिकामा गेलो तर उद्या दुसरा येईल, तो ओटाच काढेल. मी फक्त या उतरणीचा कोपरा घेतो. फोटो काढतो, जातो. तुमचं पण काम होईल."

मी खरेदीखत आणायला आत वळलो. पाठीमागे जो आवाज झाला तो लूमचा नव्हता.

बाहेर आलो तर उतरण मधून दुभंगली होती. मुकादम फोटो काढत होता. मी खरेदीखतातले हद्दीचे पान शोधू लागलो. बोलली ती पत्नी.

"झाला फोटो?"

"हो, मावशी."

"आता मना खाली उतरव. माझी भाजी आनायची येल झाली. रस्ता तू तोडलास, तूच ने."

मुकादमाने पोलिसांकडे पाहिले. पोलीस दुसरीकडे पाहू लागले. मग मुकादम आणि जेसीबीचा ड्रायव्हर यांनी दोन बाजूंनी खुर्ची उचलली, तिला गल्लीत उतरवले, टोकापर्यंत नेले, ती भाजीवाल्याशी भांडेपर्यंत थांबले आणि परत आणून ओट्यावर ठेवले. ड्रायव्हरच्या हातात मेथीची जुडी होती. "अम्मा, माफ़ करना," असे म्हणून तो जेसीबीवर चढला. सगळी गल्ली दारात उभी राहून पाहत होती, माझा मित्रसुद्धा.

दोन दिवसांनी संगणकावर नोंद दिसली : बांधकाम निष्कासित, कार्यवाही पूर्ण. सोबत माझ्या फुटक्या उतरणीचा फोटो. जो मांडव तोडायचा होता तो माघातच आम्ही सोडला होता, खांबाच्या मालकाला विचारून. तरी नोंदीप्रमाणे तो बेकायदा होता, आणि त्यांनी तो तोडला.

उतरण मी त्याच आठवड्यात पुन्हा बांधली. परवानगी मागितली नाही. हद्दीत आहे.

आणि तुळशीचे लग्न लागल्यावर, लग्नसराई सुरू होताच, मी मांडव घातला. माझ्या घरी लग्न नाही. आमच्या गल्लीत मांडव घालायला कोणी घाबरू नये, एवढेच कारण. कापड पिवळे, झालर गुलाबी, तोच मंडपवाला. तो विचारत होता, "काका, नवरा कोन?" मी म्हणालो, "बोलावलाय, येतो का बघू." मांडव माझ्या ओट्यापासून निघाला आणि समोरच्या दाराशी आला. शेवटचा खांब हातात धरून मी उभा राहिलो. न विचारता मित्राच्या उंबऱ्याशी खड्डा खणायची मला लाज वाटली, हे मी लिहून ठेवतो. खांब जड होता. माझा मित्र बाहेर आला. त्याच्या हातात पहार होती. खड्डा त्यानेच खणला. मग आत जाऊन हळदकुंकवाचे ताट घेऊन आला.

"हॉलचा अॅडव्हान्स परत देत न्हायत ते," तो म्हणाला.

"अर्ज लिहू," मी म्हणालो.

त्याने खांबाला हळदकुंकू लावले. त्याच्या मुलाची हळद याच मांडवात होईल. तोवर मांडव राहील.

तेव्हा ज्यांची पदे मी आरंभी लिहिली त्या सर्वांना माझे लेखी निमंत्रण आहे. ड्रोन पाठवायचा असेल तर पाठवा. आम्ही या वेळी हात हलवणार नाही, आम्ही वर बघून नुसते उभे राहू. पण त्यानंतर खाली या. याच मांडवात, हळदीच्या दिवशी, गल्लीतल्या सगळ्या माणसांसमोर, ज्यांना तुम्ही ठिपके म्हणून पुसलेत त्यांच्यासमोर उभे राहा आणि एकाच प्रश्नाचे मोठ्याने उत्तर द्या : दसऱ्यानंतरच्या त्या बुधवारी तुम्ही नेमके काय तोडले? त्याची चतुःसीमा सांगा. खुर्ची मी ठेवली आहे. माझी पत्नी तिच्या खुर्चीत समोर बसलेली असेल.